हातचं पाणी: ‘स्मृतिचित्रे’मधली कृपा

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ आपण बहुतेकदा विनोदासाठी वाचतो. विक्षिप्त नवरा, हजरजबाबी बायको, संसाराची धमाल. हे सगळं पुस्तकात आहेच. पण मला ते एका आजाराची आणि तो हळूहळू बरा होण्याची गोष्ट वाटतं.

आजार आहे सोवळ्याचा. लक्ष्मीबाईंच्या वडिलांना तो जडला तो धक्क्यातून: १८५७ च्या धामधुमीनंतर त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली. त्यानंतर घरात येणारी प्रत्येक वस्तू धुवायची, प्रत्येक स्पर्शाला घाबरायचं. लक्ष्मीबाई हे हसत हसत सांगतात, पण त्या धुण्यापुसण्याच्या पायात घरातल्या बायकामुलांचे झालेले हालही त्या लपवत नाहीत. विटाळ म्हणजे पाप, आणि पाप म्हणजे बाहेरून अंगाला लागणारी घाण, या समजुतीवर ते घर उभं होतं.

१८९५ मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई झाल्या त्यानंतर पाच वर्षांनी. मधल्या काळात त्या नवऱ्याकडे राहायला गेल्या, तरी चूल वेगळी आणि पाणी वेगळं. इथे एखाद्या प्रचारकी पुस्तकात अश्रू आले असते, आकाशवाणी झाली असती. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात येतो तो एक साधा विचार: जाती देवाने केल्या नाहीत, माणसांनी केल्या. तो मनात पक्का झाला आणि त्या कुणाच्याही हातचं पाणी पिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा. म्हणजे आधी घसा मोकळा झाला, मग धर्म बदलला.

याच्या शेजारी पंडिता रमाबाईंची साक्ष ठेवून पाहा. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. पण १९०७ मध्ये लिहिलेल्या साक्षीत त्या सांगतात, की तेव्हा धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. त्याला आणखी आठ वर्षं लागली. आपण पापी आहोत, तारण कमावता येत नाही, ते फुकट मिळतं, हे उमगणं हा त्यांच्या गोष्टीचा कळस आहे. रमाबाईंचं पाप आतलं आहे आणि कृपा त्याला उत्तर देते. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात अशी कबुली जवळजवळ नाहीच.

म्हणून त्यांची श्रद्धा उथळ म्हणायची का? मला तसं वाटत नाही. कृपा म्हणजे न कमावता मिळालेलं देणं, असं मानलं तर सोवळं हा तिचा नेमका उलटा टोक आहे. तिथे शुद्धता रोज कमवावी लागते आणि एका स्पर्शाने ती गमावता येते. ही कमाई सोडून देणं, हाच लक्ष्मीबाईंचा कृपेचा अनुभव आहे. त्यांनी त्याला मोठं नाव दिलं नाही, एवढंच. पुढे प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्या दिसतात, तेव्हा ज्या घरात स्पर्शाची भीती होती त्याच घरातली मुलगी इथवर आली, हे लक्षात येतं. आत्मिक आरोग्याची याहून चांगली खूण मला माहीत नाही.

एक गोष्ट मात्र पुस्तकात फारशी येत नाही. लक्ष्मीबाईंसाठी विटाळ ही सोडून देता येणारी समजूत होती. पण ज्यांना विटाळ ठरवलं गेलं, ते काय सोडणार? अहमदनगर परिसरात ख्रिस्ती झालेल्या कितीतरी माणसांना आपल्या पापांची क्षमा हवी असेलही. पण त्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या जे लादलं गेलं ते त्यांचं पाप नव्हतंच. तिथे कृपेचा पहिला अर्थ क्षमा नव्हे, मान असा होतो. पाणी पिणाऱ्या हातांची गोष्ट लक्ष्मीबाईंनी फार सुंदर सांगितली. पाणी देणाऱ्या हातांना त्या क्षणी काय वाटलं, ते मात्र आपल्याला दुसऱ्या पुस्तकांत शोधावं लागतं.

‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचाल तेव्हा हसाच. फक्त कोण कुणाच्या हातचं पाणी पितं, याकडेही लक्ष असू द्या.