समुद्रतळाच्या नकाशाचें परीक्षण

ग्रंथाचें परीक्षण होतें, नाटकाचें होतें. नकाशाचें मात्र कोणी करीत नाहीं. नकाशा म्हणजे वस्तुस्थिति, तिच्यावर टीका कसली, अशी आपली समजूत असते. परंतु नकाशासही कर्ता असतो, आणि जें ठाऊक नाहीं त्याचें तो काय करितो हें पाहून त्याची पारख करावी असें आम्हांस वाटतें. वॉल्टर स्मिथ व डेव्हिड सँडवेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं 1997 सालीं ‘सायन्स’ नियतकालिकांत प्रसिद्ध केलेला समुद्रतळाचा नकाशा या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे. आज जगाच्या नकाशांवर समुद्राखालचे जे डोंगर दिसतात, त्यांपैकीं पुष्कळांचें मूळ हा नकाशा व त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या यांतच आहे.

प्रथम त्याची रीत सांगितली पाहिजे. कारण हे उपग्रह समुद्राचा तळ पाहतात ही कल्पनाच खरी नाहीं. रडारच्या लहरी खाऱ्या पाण्यांत शिरत नाहींत. उपग्रह मोजतो ती पाण्याच्या पृष्ठाची उंची. खालीं पर्वत असला कीं त्याचें आकर्षण भोंवतालचें पाणी ओढून घेतें आणि पृष्ठावर फुगवटा येतो. 2000 मीटर उंचीच्या आणि 20 किलोमीटर त्रिज्येच्या पर्वतावर हा फुगवटा सुमारें 2 मीटरांचा, आणि तोही इतका पसरट कीं वरून जाणाऱ्या खलाशास त्याची जाणीवही होऊं नये. लाटा व भरती-ओहोटी यांचा हिशेब वजा घालून त्यावरून गुरुत्वाकर्षण काढावयाचें, त्यावरून खोलीचा अंदाज बांधावयाचा, आणि जेथें जहाजांनीं प्रतिध्वनीनें खोली मोजली असेल तेथें तो तिच्याशीं जुळवून घ्यावयाचा. अमेरिकन आरमाराच्या जिओसॅट उपग्रहाचीं मापें 1995 सालीं खुलीं झालीं व युरोपच्या ईआरएस-1 उपग्रहाची त्यांस जोड मिळाली, तेव्हां हें काम साधलें. दक्षिणेकडील ज्या समुद्रांत जहाजें क्वचितच जातात, तेथील पर्वतांच्या रांगा यामुळें दिसूं लागल्या. हें श्रेय लहान नव्हे.

दोष आहे तो नकाशाच्या स्वरांत. मोजलेला तळ आणि अंदाजलेला तळ हे दोन्ही त्यांत एकाच रंगानें, एकाच आत्मविश्वासानें बोलतात. गंमत अशी कीं, कर्त्यांनीं हा भेद लपविलेला नाहीं. त्यांच्या कोष्टकांत जहाजाच्या मापाचा आधार असलेली खोली विषम आंकड्यानें लिहिली आहे व निव्वळ अंदाजाची सम आंकड्यानें! इतकी सुंदर प्रामाणिक युक्ति. परंतु रंगीत चित्र छापतांना तीच नाहींशी होते.

मेरी थार्प या विदुषीचें काम येथें आठवतें. स्त्रियांस संशोधनाच्या जहाजावर मज्जाव, म्हणून ब्रूस हीझन आदींनीं आणलेल्या मापांवरून त्यांनीं टेबलाशीं बसून तळ रेखाटला. 1957 सालच्या उत्तर अटलांटिकच्या नकाशांत माहिती नसलेल्या जागीं खुणांच्या स्पष्टीकरणाची मोठी चौकट टाकलेली आहे. थार्पबाईंच्या मनांत तेथें जलपऱ्या व फुटलेलीं गलबतें काढावयाचीं होतीं; हीझन ऐकेनात. हाइनरिख बेरान यांनीं रंगविलेल्या 1977 च्या त्यांच्या जगाच्या नकाशांतही कल्पना पुष्कळ आहे, पण तेथें कुंचला उघड दिसतो. उपग्रहाच्या नकाशांत तो दिसत नाहीं, आणि म्हणूनच आम्ही थार्पबाईंच्या बाजूचे आहोंत.

हा केवळ रसिकतेचा प्रश्न नव्हे. 8 जानेवारी 2005 रोजीं ‘सॅन फ्रान्सिस्को’ ही अमेरिकन पाणबुडी ग्वामच्या आग्नेयेस समुद्रांतील पर्वतावर आदळली. एक खलाशी मरण पावला. ज्या नकाशावरून ती चालली होती त्यावर तो पर्वत नव्हता. जवळ असलेल्या दुसऱ्या नकाशांवर त्या बाजूस धोक्याची खूण होती. कोऱ्या जागेस लोक सपाट जागा समजतात, तें असें.

मोनॅकोच्या प्रिन्स आल्बर्टनें 1903 सालीं सुरू केलेल्या ‘जेब्को’ नकाशाच्या आजच्या आवृत्तींत विषुववृत्तावर दर साडेचारशें मीटरांस एक आंकडा आहे. जुन्या उपग्रहांची नजर कित्येक किलोमीटरांहून बारीक नव्हती. मग मधले आंकडे कोठले? जेब्को त्याचें उत्तर देणारा स्वतंत्र नकाशा प्रसिद्ध करितें, पण तो भिंतीवर लावलेला आम्हीं कोठें पाहिला नाहीं. 2017 सालीं प्रत्यक्ष मोजलेला तळ शेंकडा 6 होता, तो जून 2025 मध्यें 27.3 झाला.

किनाऱ्याची गोष्ट निराळी. 2018 सालीं सोडलेल्या आइससॅट-2 उपग्रहाचा हिरवा लेसर स्वच्छ पाण्यांत सुमारें 40 मीटरांपर्यंत पोंचतो; पावसाळ्यांत गढूळ झालेल्या कोंकणच्या खाड्यांत त्याचा तसा उपयोग होणार नाहीं. शिवाय किनारा म्हणून जी रेघ काढावयाची ती कोणत्या घटकेची? मुंबईस उधाणाच्या दिवशीं भरती-ओहोटींत चार मीटरांहून अधिक अंतर पडतें, आणि उपग्रहाच्या छायाचित्रांत त्यांतील एकच क्षण सांपडतो. रेघेशेजारीं ती वेळ छापावयास कितीशी जागा लागणार आहे?

डिसेंबर 2022 मध्यें सोडलेल्या स्वॉट उपग्रहास एक किलोमीटरापेक्षां कमी उंचीचे समुद्री डोंगरही ओळखतां येतात. त्याच्या मापांवरून भिंतीवरचे नवे नकाशे निघतील तेव्हां छापणारांनीं विषम आंकड्यांस गडद रंग द्यावा आणि सम आंकड्यांस फिका, एवढेंच आमचें मागणें आहे.