धोरणातली पाळी, फडातली पाळी

‘अस्मिता’ योजना राज्य सरकारने २०१८ च्या महिला दिनी आणली. जिल्हा परिषद शाळांतल्या ११ ते १९ वर्षांच्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत, विक्री बचत गटांमार्फत. त्याच जुलैमध्ये पॅडवरचा १२ टक्के जीएसटी गेला. दोन्ही निर्णय मला तेव्हाही पटले होते, आजही पटतात. माझा आक्षेप आहे तो त्यामागच्या समजुतीला. पाळी ही जणू एका वस्तूची टंचाई आहे, वस्तू स्वस्त केली की प्रश्न मिटला!

ही समजूत ऊसतोडीच्या फडात नेऊन बघा. दिवाळीच्या आसपास बीडहून टोळ्या निघतात. मुकादम उचल देतो ती जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाईने एक दिवस अंग टाकलं की खाडा धरला जातो, म्हणजे मजुरी तर जातेच, वर दंड. राहायला कोपी, आडोसा नाही, पाणी लांबून आणायचं. पाच रुपयांचं पाकीट मिळालंच, तर ती पॅड बदलणार कुठे? टाकणार कुठे? आणि पाकीट मिळायचं ते शाळेच्या नावावर. तिची लेक तर शाळा मागे ठेवून फडावर आलेली.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. ‘पिशवी काढली’ म्हणतात, दात काढल्यासारखं. प्रत्येकीचं कारण खाडाच होता असं मी म्हणणार नाही. अंगावरून जाणं, कॅन्सरची घातलेली भीती, खासगी डॉक्टरांची घाई, हे सगळं त्यात आहे. पण दर महिन्याचा दंड चुकतो, हा हिशेबही आहेच.

यावर उपाय काय निघाला? खासगी रुग्णालयांनी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी. ठीक. नको ती ऑपरेशनं थांबतील. म्हणजे पिशवी राहील, आणि खाडाही राहील. त्याला कुणी हात लावला नाही, कारण कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार महामंडळ आहे. त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यायचं ठरलेलं आहे. त्यातून कोयत्यामागे महिन्याला दोन दिवसांची मजुरी द्या, आणि त्या दोन दिवसांचा खाडा धरायचा नाही हे मुकादमाच्या करारात लिहून घ्या. पाकिटं वाटायचीच असतील, तर तीही फडावर घेऊन या.