स्वयंचलित अनुक्रमांकन आणि मराठी ग्रंथव्यवहार

ग्रंथातील अंक दोन भिन्न कार्ये करीत असतो. कधी तो केवळ क्रम दाखवितो, तर कधी तो नाम देतो. प्रबंधातील विवेचनाचे पाच मुद्दे मांडले असता त्यांतील ‘तिसरा’ हा क्रम होय. दुसरा मुद्दा गाळल्यास तिसऱ्याने दुसरा होणे उचितच आहे. याउलट दासबोधातील ओवीचा दशक, समास व ओवी असा त्रिविध निर्देश हे त्या ओवीचे नाम होय. वीस दशक, दोनशे समास आणि ७,७५१ ओव्या असलेल्या या ग्रंथात अभ्यासक त्या नामाच्या आधारेच संचार करतो. वर्ड प्रोसेसरमधील स्वयंचलित सूचीरचनेचा विचार या भेदाच्या प्रकाशात करणे आवश्यक आहे; कारण ती यंत्रणा पहिल्या प्रकारचा अंक जाणते, दुसऱ्या प्रकारचा जाणत नाही.

मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये परिच्छेदाच्या आरंभी ‘1.’ टंकित करून पुढे लिहू लागताच त्याचे सूचीत रूपांतर होते. येथे जे घडते ते वरवर दिसते त्याहून मूलगामी असते. टंकित केलेला अंक संहितेतून नाहीसा होतो आणि त्याच्या जागी परिच्छेदाचा एक गुणधर्म येतो. पडद्यावर दिसणारा अंक प्रत्येक वेळी नव्याने मोजून काढलेला असतो. म्हणूनच ‘फाइंड’च्या साहाय्याने त्याचा शोध घेतल्यास तो सापडत नाही, आणि मधला एक परिच्छेद काढताच पुढील सर्व अंक बदलतात.

स्वतःच्या विवेचनापुरता हा गुणच होय. परंतु प्राचीन संहितेच्या संपादनात तोच दोष ठरतो. ज्ञानेश्वरीच्या पाठपरंपरेतील दोन महत्त्वाचे टप्पे मराठवाड्याशी निगडित आहेत, म्हणून तिचेच उदाहरण घेऊ. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, पुढे वि. का. राजवाडे यांनी बीड येथे मिळालेल्या हस्तलिखितावरून १९०९ मध्ये आपली प्रत प्रसिद्ध केली. या प्रतींतील ओवीसंख्या सारखी नाही. अशा ग्रंथाची चिकित्सा करणाऱ्याने प्रक्षिप्त वाटणारी एक ओवी तळटीपेत हलविली, की स्वयंचलित सूची त्या अध्यायातील पुढील प्रत्येक ओवीचे नाम बदलून टाकते. प्रस्तावनेत हाताने लिहिलेले संदर्भ मात्र जुन्याच अंकांवर राहतात. वाचकाला त्रुटीची कोणतीही खूण दिसत नाही. क्रम अखंड दिसतो. चुकते ते केवळ नाम. वास्तविक गाळलेल्या ओवीची जागा रिकामी दिसणे हाच संपादकाच्या निर्णयाचा पुरावा असतो, आणि यंत्र तोच पुसते.

दुसरा प्रश्न स्थानाचा आहे. ओवीचा अंक आपल्या परंपरेत चरणान्ती, दुहेरी दंडांच्या मध्ये येतो. सूचीची यंत्रणा तो परिच्छेदाच्या आरंभीच मांडते. अखेरीस मोजणारा अंक हवा असल्यास सूची सोडून स्वतंत्र ‘फील्ड’चा अवलंब करावा लागतो.

तिसरा प्रश्न भाषावैज्ञानिक आहे. वर्डच्या दस्तऐवजरचनेचे प्रमाणक, ईसीएमए-३७६, २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील अंकनप्रकारांच्या यादीत हिंदी स्वर, हिंदी व्यंजने, हिंदी अंक आणि हिंदी गणना असे चार प्रकार आहेत. मराठीच्या नावाचा एकही नाही. येथे लिपी, भाषा आणि संकेत या तीन पातळ्यांची गल्लत झालेली आहे. १, २, ३ हे अंक लिपीचे असल्याने दोन्ही भाषांना समान चालतात. गणनावाचक शब्द भाषेचे असतात. ‘एक, दो, तीन’ ही मालिका मराठी प्रबंधात दुसऱ्याच पायरीवर अडखळते. उपमुद्द्यांची अक्षरे तर संकेताधीन आहेत. मराठीत ‘अ, आ, इ, ई’ आणि ‘क, ख, ग, घ’ यांच्या जोडीला इंग्रजी वर्णक्रमावरून आलेली ‘अ, ब, क, ड’ ही मालिका प्रश्नपत्रिकांत व शासनव्यवहारात रूढ आहे. शासकीय सेवेतील ‘गट क’ हा तिसरा गट होय. व्यंजनमालिकेत मात्र ‘क’ पहिला. यंत्राने दिलेला ‘क’ आणि वाचकाला अभिप्रेत असलेला ‘क’ यांत दोन पायऱ्यांचे अंतर पडू शकते.

यावर असा आक्षेप संभवतो की हाताने घातलेले अंकही चुकतात. तो यथार्थ आहे. शेकडो ओव्यांना अंक देताना हात चुकणारच. परंतु हाताची चूक बहुधा एकाच ठिकाणी राहते व पडताळणीत सापडते. यंत्राने केलेला बदल सर्वत्र सुसंगत असल्यामुळेच दृष्टीस पडत नाही.

म्हणून यंत्रणेचा त्याग नव्हे, तर कार्यविभागणी हाच मार्ग होय. प्रकरणे, उपप्रकरणे व मुद्दे यांना बहुस्तरीय स्वयंचलित सूची द्यावी आणि त्यांचे अंतर्गत संदर्भही ‘क्रॉस-रेफरन्स’नेच द्यावेत, मात्र मुद्रणापूर्वी ते अद्ययावत करावेत. ओवी, अभंग, सूत्र, लीळा यांचे अंक संहितेचा भाग म्हणून टंकित करावेत. त्यासाठी ‘ऑटोकरेक्ट’च्या पर्यायांतील स्वयंचलित क्रमांकित सूची आधीच बंद करावी, अनवधानाने सूची झालीच, तर तत्काळ ‘कंट्रोल’ व ‘झेड’ दाबल्यास टंकित अंक परत मिळतो. क्रम यंत्राच्या हाती सोपविता येतो. नाम देण्याचे उत्तरदायित्व मात्र संपादकाचेच राहते.