कन्येची साक्ष आणि प्रेक्षकाचा न्याय

सरकारी प्रचारास ज्याने आपली कला वाहिली, त्या कलावंताचे मूल्यमापन कसे करावे, हा प्रश्न लेनी रीफेनश्टालचे नाव निघताच उपस्थित होतो. हिटलरच्या पक्षमेळाव्यावर ‘ट्रायम्फ ऑफ द विल’ (१९३५) रचणारी ही बाई १०१ वर्षे जगली आणि अखेरपर्यंत आपण केवळ कलेच्या उपासक, असेच म्हणत राहिली. २०२४ साली आंद्रेस फाइएल यांनी तिच्याच संग्रहातील सामग्री पुढे मांडून तो दावा तपासला. परंतु हा प्रश्न आपल्या दारीही आहे. शबनम सुखदेव यांचा ‘द लास्ट अद्यू’ (२०१३) हा अनुबोधपट आपले वडील एस्. सुखदेव यांचा शोध घेतो.

सुखदेवांची योग्यता वादातीत होय. ‘इंडिया ६७’ मध्ये त्यांनी निवेदकास रजा दिली. केवळ दृश्य आणि ध्वनी यांच्या बळावर देश बोलका केला. तोच हात १९७४ साली रेल्वेसंपाविरुद्ध ‘व्हॉइस ऑफ द पीपल’ करतो आणि १९७६ साली ‘थंडर ऑफ फ्रीडम’ मध्ये आणीबाणीचे गुणगान गातो! ज्याने पूर्वी लोकांवर आपला शब्द लादला नाही, त्याने सरकारच्या शब्दास लोकवाणीचे नाव द्यावे, यातच सारी शोकांतिका आली.

सकाळी ज्यांचे पहिले काम लोकल गाठणे, त्या आम्हां मीरा-भाईंदरकरांस गाड्या बंद पडण्याचे संकट कोणी समजावून द्यावयास नको. म्हणूनच असा प्रचार आम्हांस चटकन पटतो, आणि म्हणूनच तो घातक. प्रवाशाची अडचण खरी असते. तिच्या आड आठ तासांचा दिवस मागणारा कामगार मात्र दिसेनासा होतो. कसब जितके मोठे, तितका हा आडपडदा सफाईदार. तेव्हा ‘कला उत्तम, हेतू तेवढा वाईट’ अशी वाटणी आम्हांस मान्य नाही.

सुखदेव १९७९ साली वारले. उत्तर देण्यास त्यांस अवधी मिळाला नाही. कन्येचा चित्रपट त्या रिकाम्या जागी उभा आहे, आणि पित्याविषयीचा राग व माया दोन्ही ती लपवीत नाही, हे त्याचे मोठे मोल. एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. हा चित्रपटही फिल्म्स डिव्हिजनचाच, म्हणजे १९४८ साली स्थापन झालेल्या आणि आपले लघुपट चित्रगृहांतून सक्तीने दाखविणाऱ्या सरकारी खात्याचा. २०२२ साली ते खाते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. खाते विलीन होते. त्याने पडद्यावर जे दाखविले त्याचा हिशेब विलीन होत नाही.

कन्येने पित्यास क्षमा करावी. तो तिचा अधिकार. प्रेक्षकाचे कर्तव्य निराळे. त्याने १९६७ चा आणि १९७४ चा असे दोन्ही चित्रपट एकाच बैठकीत पाहावे. पहिल्याचे कौतुक करताना दुसरा लपवू नये, आणि दुसऱ्याचा निषेध करताना पहिला पुसून टाकू नये.