कुलनाम आणि कूळ : ईस्ट इंडियन समाजाच्या वंशकथनाची संहिता

वंशावळ ही रक्तसंबंधाची निव्वळ नोंद असते, असा समज रूढ आहे. वस्तुतः ती एक संहिता असते आणि आरंभ कोणापासून करावयाचा, ही तिच्यातील पहिली निवड असते. अंबोली, मरोळ, गोराई अशा उपनगरी गावठाणांतील ईस्ट इंडियन समाजाचे वंशकथन या दृष्टीने विचारार्ह ठरते.

1534 मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली. त्यानंतर वसई-साष्टीत ख्रिस्ती झालेल्या कुणबी, कोळी, भंडारी इत्यादी कुळांना बाप्तिस्म्याच्या वेळी पोर्तुगीज नावे मिळाली. आडनावही पुष्कळदा धर्मपित्याचे असे. परिणामी 'परेरा' हे चिन्हक पूर्वजाकडे नव्हे, तर एका विधीकडे निर्देश करते. केवळ आडनावाचा माग काढणारा वंशज वसाहतकाराच्या दारी पोहोचतो. त्याचे कूळ मात्र त्याच मातीत राहिलेले असते.

दुसरे नामकरण समाजाने स्वतः केले. गोवेकर व मंगळूरकर ख्रिस्ती नोकऱ्यांसाठी मुंबईत येऊ लागले, तेव्हा 'पोर्तुगीज ख्रिस्ती' ही जुनी संज्ञा संदिग्ध ठरली. आपण ब्रिटिशांचे येथील जुने प्रजाजन आहोत, हे दर्शविण्यासाठी 1887 मध्ये बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली. नावातून ईस्ट इंडिया कंपनीचे स्मरण जागविले गेले. 1897 मध्ये अमेरिकेत मेफ्लॉवर जहाजावरील वसाहतकारांच्या वंशजांची संस्था स्थापन झाली, तीत प्रतिष्ठा 'बाहेरून प्रथम येण्या'ला होती. येथे मूळ रहिवाशांनी आपले अग्रहक्क परक्या सत्तेच्या नावाने नोंदविले. हा विरोधाभास वसाहतवादी संकेतव्यूहातूनच निर्माण होतो.

तथापि सत्ताधीशाच्या आगमनाशी कुळाची प्रतिष्ठा जोडणे ही केवळ पाश्चात्त्य रूढी नव्हे. वि. का. राजवाडे यांनी 1924 मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'महिकावतीच्या बखरी'तही बिंबराजासह आलेल्या कुळांची गणना आहे. दोन्ही कथनांत आगमन हाच आरंभ होय.

या आरंभाला छेद देणारी संहिता लिखित नाही. मराठी बोली आणि लग्नातील 'उंबराचे पाणी' यांसारखा विधी आडनावाने झाकलेला वारसा जपतात. परंतु केवळ विधीलाच 'खरे' मूळ मानले, तर कित्येक पिढ्यांची ख्रिस्ती श्रद्धा वरचे आवरण ठरते. आडनावच प्रमाण मानले, तर भूमिपुत्रत्व पुसले जाते. बाप्तिस्म्याची नोंद आणि बोली या परस्परांचे खंडन करणाऱ्या नव्हेत, तर एकाच वंशकथनाच्या दोन संहिता होत. त्यांचे सहवाचन झाले, तरच या समाजाचा इतिहास त्याच्या स्वतःच्या अटींवर वाचता येईल.