शाळेची इमारत आणि सांध्याचा प्रश्न

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मुलांना नेले, तर एक गोष्ट त्यांच्या लगेच ध्यानात येते. साच्यातून निघणारी मूर्ती अखंड नसते. धड वेगळे, हात वेगळे. कारागीर ते जोडतो, सांधा भरतो, घासतो आणि मग रंग देतो. मूर्तीला धक्का बसला, तर बहुधा हात सांध्याशीच निखळतो. शाळांच्या इमारती पूर्वनिर्मित, म्हणजे ‘प्रीकास्ट’ काँक्रीटच्या कराव्यात, अशी सूचना वरचेवर होते. तिचा विचार करताना हा सांधा विसरू नये.

सूचनेमागील हेतू चांगला आहे. रोहा-पेणच्या भागात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. बांधकामाला ऑक्टोबर ते मे एवढाच काळ मिळतो. रोह्याला लागून वाढणाऱ्या वरसेसारख्या गावात नवी खोली होईपर्यंत मुलांना बसवायचे कुठे, हा प्रश्न शिक्षकापुढेच येतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड जिल्ह्यातील कितीतरी शाळांची पत्र्याची व कौलांची छपरे उडाली, तेव्हा जड आणि लवकर उभे राहणारे छप्पर हवेसे वाटणे स्वाभाविकच आहे.

शिवाय कारखान्यात काँक्रीट चांगले होते. तेथे पाणी मोजून घालतात, सळया जागच्या जागी धरलेल्या असतात आणि तुकडा पुरेसा काळ ओला ठेवता येतो. जागेवर ओतताना माल सैल व्हावा म्हणून बादलीभर पाणी जास्त घालण्याचा मोह होतो. ते जादा पाणी पुढे उडून जाते, मागे सूक्ष्म छिद्रे राहतात आणि ताकद घटते.

हे सारे गुण खरे आहेत. पण ते तुकड्याचे गुण आहेत, इमारतीचे नव्हेत. या पद्धतीची भलामण करणाऱ्यांच्या युक्तिवादातील मुख्य उणीव हीच. जागेवर ओतलेल्या बांधकामात तुळई, खांब आणि स्लॅब यांच्या सळया एकमेकींत गुंतलेल्या असतात. पूर्वनिर्मित बांधकामात हा एकजीवपणा आपोआप येत नाही. तो सांध्यात मुद्दाम निर्माण करावा लागतो.

७ डिसेंबर १९८८ रोजी आर्मेनियात भूकंप झाला. लेनिनाकान शहरातील पूर्वनिर्मित सांगाड्याच्या नऊमजली इमारती मोठ्या संख्येने कोसळल्या. त्याच शहरात पूर्वनिर्मित भिंतीपाट्यांच्या इमारती मात्र उभ्या राहिल्या. तेव्हा दोष ‘पूर्वनिर्मित’ या शब्दात नाही. तुकडे कसे रचले आणि कसे जोडले, यात तो असतो.

आपल्या जवळचे उदाहरण गुजरातचे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात, त्यापूर्वी थोड्याच काळात उभारलेल्या पूर्वनिर्मित भागांच्या एकमजली प्राथमिक शाळांची मोठी हानी झाली. छताच्या फळ्या एकमेकींशी आणि खालच्या आधारांशी पुरेशा बांधलेल्या नव्हत्या. छत एका ताटासारखे एकत्र हलण्याऐवजी फळ्या सुट्या सुट्या हलल्या आणि निसटल्या. प्रजासत्ताकदिन असल्याने नेहमीचे वर्ग भरलेले नव्हते. लंडनच्या कॅम्डन भागातील मुलींच्या शाळेत १३ जून १९७३ रोजी सभागृहाचे छत कोसळले, ते रात्री. तेथे तुळयांच्या टोकांना पुरेसा टेकू नव्हता आणि वापरलेले विशिष्ट सिमेंटही काळानुसार कमजोर होणारे होते. दोन्ही ठिकाणी वेळेने मुलांना वाचवले, बांधकामाने नव्हे.

आता कोकणाचा स्वतंत्र प्रश्न पाहू. काँक्रीट तापले की प्रसरण पावते. एका अंशाला साधारण लांबीच्या एक लक्षांश. आठ मीटरचे छत वीस अंशांनी तापले, तर ८००० × २० ÷ १,००,००० म्हणजे १.६ मिलिमीटर वाढ. मुलांना हे गणित वर्गात करता येईल. ही हालचाल रोज होते आणि ती कमकुवत सांध्यात जमा होते. तेथे बारीक भेग पडली, की पावसाळ्यात पाणी आत जाते, सळई गंजते, फुगते आणि काँक्रीटचा पापुद्रा सुटतो. समुद्राकडच्या गावांत हवेतील क्षार या कामी भर घालतात.

भूकंपाचा भाग समजण्यासाठी सोपा प्रयोग आहे. पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर चार पट्ट्या शेजारी शेजारी ठेवा आणि टेबल हलवा. मग पट्ट्या चिकटपट्टीने एकमेकींना जोडा, दोऱ्याने थप्प्यांना बांधा आणि पुन्हा हलवा. फरक सांगावा लागणार नाही.

मग ही पद्धत टाकून द्यावी काय? तसे नाही. एक मीटर रुंद, चार मीटर लांब आणि दहा सेंटिमीटर जाड पाटी सुमारे ९६० किलो भरते; ती चढवायला क्रेन हवी, आणि क्रेन जाईल असा रस्ता हवा. उलट दीड मीटर लांब, तीस सेंटिमीटर रुंद आणि सहा सेंटिमीटर जाड फळी सुमारे ६५ किलोची. ती दोघे-तिघे उचलतात. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच लहान फळ्या आणि तुळयांची छते विकसित केली. लहान शाळेला हा मार्ग अधिक योग्य. मात्र फळ्यांवर सळया टाकून जागेवर काँक्रीटचा थर ओतला पाहिजे आणि तो भिंतींवरच्या पट्ट्याशी बांधला पाहिजे. हा थर खर्च वाचवण्यासाठी गाळला, तर सारी योजनाच फोल ठरते.

गावात अशी इमारत येणार असेल, तर मुख्याध्यापकांनी चार प्रश्न विचारावेत. फळी टोकाला किती सेंटिमीटर टेकली आहे? फळ्या एकमेकींना कशाने बांधल्या आहेत? छत भिंतींना कुठे जोडले आहे? पाच वर्षांनी सांधे तपासायची जबाबदारी कोणाची? उत्तरे नकाशावर दाखवून मागावीत. त्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. छताखाली रोज मुलांना बसवणाऱ्याला तेवढा अधिकार निश्चितच आहे.