ठोकताळ्यात दडलेले साडेपाच तास

अमेरिकेत अनेक कुटुंबे, त्यांतही निवृत्त माणसे, महिनोन्‌महिने चाकांवरच्या घरात राहतात. अशा घरवजा गाडीला तिकडे ‘आरव्ही’ म्हणतात. गाडी रानात किंवा वाळवंटात उभी केली की विजेची जोडणी मिळत नाही. मग छतावर सौर पॅनेल आणि आत बॅटऱ्या बसवतात. पण पॅनेल किती आणि बॅटऱ्या किती? यासाठी आरव्हीवाल्यांत दोन ठोकताळे रूढ आहेत. पहिला : 100 वॅटचे पॅनेल दिवसाला 30 अँपिअर-तास देते. दुसरा : बॅटरीचे जितके अँपिअर-तास, तितक्या वॅटची पॅनेल. शक्ती आणि ऊर्जा यांतला फरक वर्गात शिकवणाऱ्या आपणा सर्वांना या ठोकताळ्यांची चिकित्सा उपयोगी पडेल, असे आम्हांला वाटते.

आधी पहिला ठोकताळा पाहू. 12 व्होल्टच्या बॅटरीसाठी विकले जाणारे 100 वॅटचे पॅनेल प्रत्यक्षात सुमारे 18 व्होल्टला पूर्ण शक्ती देते. 100 भागिले 18 म्हणजे साधारण 5.5 अँपिअर. साध्या चार्ज कंट्रोलरमधून बॅटरीत एवढाच प्रवाह जातो. मग 30 अँपिअर-तास कधी मिळतील? हा प्रवाह साडेपाच तास वाहिला तर! म्हणजे ठोकताळ्यात साडेपाच तासांचे पूर्ण ऊन गृहीत धरलेले आहे. फक्त तसे कोणी सांगत नाही.

‘पूर्ण ऊन’ म्हणजे काय? पॅनेलवर छापलेले वॅट मोजताना दर चौरस मीटरवर 1000 वॅटचा प्रकाश पाडलेला असतो. एवढे ऊन एक तास मिळाले की तो पूर्ण उन्हाचा एक तास. सकाळ-संध्याकाळचे तिरके ऊन कमी भरते. म्हणून दिवस बारा तासांचा असला तरी पूर्ण उन्हाचे तास बारा होत नाहीत.

आरव्हीच्या छतावर पॅनेल बहुधा आडवे ठोकलेले असते. अ‍ॅरिझोनातील फिनिक्स शहरी आडव्या पृष्ठभागावर जूनमध्ये रोज पूर्ण उन्हाचे 8 हून अधिक तास मिळतात, डिसेंबरात सुमारे 3. उत्तरेकडील सिअ‍ॅटल येथे डिसेंबरात जेमतेम 1. कारण भूगोलातले आहे. 21-22 डिसेंबरला मध्यान्हीचा सूर्य फिनिक्सला क्षितिजापासून 33 अंशांवर असतो, सिअ‍ॅटलला केवळ 19 अंशांवर. आडव्या पॅनेलला थेट किरणांचा पहिल्या ठिकाणी निम्म्याहून थोडा अधिक आणि दुसऱ्या ठिकाणी एक-तृतीयांश लाभ होतो. शिवाय सिअ‍ॅटलचे हिवाळी आकाश ढगाळ.

आता एक उदाहरण सोडवू. फ्रिज : 45 वॅट, दिवसभरात मिळून 12 तास चालू, म्हणजे 540 वॅट-तास. दिवे 80, पंखा 160, लॅपटॉप 180. एकूण 960 वॅट-तास. 12 व्होल्टने भागल्यावर 80 अँपिअर-तास. ठोकताळ्याने 100 वॅटची 3 पॅनेल पुरतात. प्रत्यक्षात फिनिक्सला जूनमध्ये 2 पुरतील, डिसेंबरात 5 लागतील आणि सिअ‍ॅटलला डिसेंबरात 15! चार्जिंगमधील घट, धूळ आणि झाडाची सावली यांचा हिशेब अजून धरलेलाच नाही. फ्रिजमध्ये कुणाचे इन्सुलिन ठेवलेले असेल, तर ही चूक केवळ गणितातली राहत नाही.

दुसऱ्या ठोकताळ्याचा दोष अधिक मूलभूत आहे. पॅनेल किती हवीत हे रोजचा वापर आणि ऊन यांवर ठरते. बॅटरी किती हवी हे उन्हाविना किती काळ काढायचा, यावर ठरते. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये असा संकेत आहे. त्यामुळे दोन ढगाळ दिवसांसाठी 160 अँपिअर-तास वापरायचे, तर बॅटरी 320 ची हवी. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतून बराच मोठा भाग वापरता येतो. तेथे आकडा 200 च्या आसपास येईल. बॅटरीचा प्रकार बदलला म्हणून ऊन बदलत नाही. मग पॅनेलचे वॅट का बदलावेत?

ठोकताळे सर्वस्वी टाकाऊ आहेत असे आमचे म्हणणे नाही. वसंतात किंवा शरदात फिरणाऱ्या कुटुंबाला 30 चा आकडा बरीच मदत करतो. तक्रार एवढीच की घर फिरते आणि ठोकताळा मात्र एका जागी उभा राहतो. योजना वापरापासून सुरू व्हावी, नंतर सर्वांत वाईट महिन्याचे ऊन पाहावे आणि पॅनेलची संख्या सर्वांत शेवटी ठरवावी. पॅनेल दक्षिणेकडे कलते करावे की हिवाळ्यात गाडीच दक्षिणेकडे न्यावी, हे प्रश्नही मग आपोआप सुचतात. सिअ‍ॅटलसारख्या ठिकाणी तर प्रामाणिक उत्तर ‘केवळ सौर नको, जनरेटरची जोड द्या’ असेच येईल.

वर्गात हे उदाहरण देताना आपल्या गावचे ऊन घ्यावे. एक काठी उभी रोवून मध्यान्हीच्या सावलीवरून सूर्याची उंची महिन्यातून एकदा विद्यार्थ्यांनी मोजावी आणि ढगाळ दिवसांची नोंदही ठेवावी. कोकणातल्या शाळेला लवकरच दिसेल, की सूर्य डिसेंबरात खाली असला तरी आकाश निरभ्र असते; ऊन आटते ते जुलै-ऑगस्टमध्ये. तिकडचा ‘वाईट महिना’ उसना घेतला तर तोही ठोकताळाच ठरेल.